सुपलीतला तुवालू

स्टीलच्या डब्यात शेवटची एकच चिठ्ठी उरली होती, म्हणून ती भागीबाई भोयेंची.

त्याआधी सगळे बरे देश निघून गेले होते. एसटी कंडक्टरला श्रीलंका निघाली. पोलीस शिपायाला मॉरिशस. ब्यूटी पार्लरवाल्या ताईंना मालदीव निघालं तेव्हा त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "आमचं हनिमूनला राहिलं होतं." भागीबाईंनी आपली चिठ्ठी उलगडली, सुलटी वाचली, उलटी वाचली.

"सर, इथं 'तुवालू' लिहिलंय."

"बरोबर आहे. देश आहे तो," सोमनाथ सर म्हणाले. पंचवटीतल्या ज्या कॉलेजात दर रविवारी मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरायचे, तिथं सर भूगोल शिकवत.

"कुठंशी?"

"पॅसिफिक महासागरात. अगदी चिमुकली बेटं. समुद्राची पातळी वाढतेय, त्यामुळं हळूहळू बुडणार म्हणतात."

"पण अजून आहे ना?"

"आहे, आहे. तुम्ही मात्र काम लवकर सुरू करा."

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा हा प्रकल्प. एखाद्या छोट्या बेट-देशाची अर्थव्यवस्था, शासन, भूगोल आणि लोक अशी चार प्रकरणं, एक नकाशा, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. बाकीचे सगळे पेपर भागीबाईंनी चार वर्षांत एकेक करून पार पाडले होते. पेठ रोडवरच्या एका वस्तीत त्या एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. सेविकेची पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते आणि वय पंचेचाळिशीच्या आत लागतं. जाहिरात आलेली होती, अर्जाची मुदत डिसेंबरअखेर होती आणि फेब्रुवारीत भागीबाईंना पंचेचाळीस पुरी होत होती. पुन्हा जाहिरात कधी निघेल ते निघो, त्यांच्या कामाची नव्हती. म्हणजे मधे आडवा पडलेला हा एकच तुवालू. तो ओलांडला तर काम झालं, नाहीतर एकोणीस वर्षांपूर्वी जिथं रुजू झाल्या तिथूनच निवृत्त.

भागीबाई मूळच्या पेठ तालुक्यातल्या, गुजरातच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या. भात आणि नागली घरात आली की पाडा रिकामा व्हायचा. कोंबड्या म्हाताऱ्यांकडं सोपवायच्या आणि माणसांनी दिंडोरीच्या द्राक्षबागेत कामाला जायचं. मोठी माणसं छाटणीला लागली की सगळ्यांची तान्ही पोरं बांधावर एका साडीच्या सावलीत, आणि त्यांना सांभाळायला सात वर्षांची भागी. कोणतं पोर कोणाचं ते ती नुसत्या रडण्यावरून सांगायची. "काकू, तुझं नाही, ते येसूचं. तुझं घोगरं रडतं." पुढं आश्रमशाळा, मग दहावी, मग लग्न, मग नाशिक, मग बाहेरून बारावी. पगार सुरू झाला तेव्हा तिला एवढंच नवल वाटलं, की हे काम तर ती सात वर्षांची असल्यापासून करत होती.

चिठ्ठी निघाली त्या दिवशी जेवताना भागीबाईंनी नवऱ्याला सांगितलं. पुंजा पिकअप चालवतो. लासलगावहून कांदा आणायचा, मार्केट यार्डातून भाजी न्यायची.

"तुवालू?" पुंजानं भाकरीचा घास हवेतच थांबवला. "कांदा घेतो का?"

नाशिकच्या माणसाला जग असंच कळतं. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबई हे देश. ते कांदा घेतात. बाकीचे आपले नकाशात भरीला टाकलेले.

"मला काय ठाऊक, मीनाचे पप्पा?"

"परवा लासलगावला विचारतो. फकिराशेठ बाहेर कांदा धाडतो, त्याला सगळे देश ठाऊक हायेत."

परवाचा तेरवा झाला, पण पुंजा बातमी घेऊन आला. "फकिराशेठ म्हणाला, नाव नाय ऐकलं. मग म्हणाला, गिऱ्हाईक किती? म्हटलं, सगळा देश मिळून दहा-अकरा हजार माणसं. तर हसायलाच लागला. म्हणाला, अरे, एवढी तर आपल्या लिलावाला गर्दी असती! जा म्हणाला, एक पिकअप माल घेऊन तूच जा. आख्खा देश आठ दिवस रडंल."

"आणि पिकअप समुद्रातून जाईल कशी?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाला, डिझेल तुझं."

भागीबाई हसून हसून दमल्या आणि मग वही उघडून बसल्या. सरांनी दिलेल्या झेरॉक्स आणि मीनाच्या मोबाइलवर सापडलेलं सगळं त्यांनी उतरवून काढलं होतं.

"त्यांचं चालतं तरी कशावर?" पुंजानं विचारलं.

"माशांवर. दुसऱ्या देशांच्या मोठ्या बोटी ट्यूना मासा धरायला येतात, त्यांना परवाना विकायचा. थोडे नारळ. परदेशी मदत. काही माणसं जहाजांवर नोकरीला जातात, काही न्यूझीलंडला फळं तोडायला."

"फळं तोडायला?" पुंजा ताटावरून सरकून जवळ आला. "मुकादम असतो का?"

"ते नाही लिहिलेलं."

"असणारच."

"आणि अजून एक. इंटरनेटच्या काही पत्त्यांच्या शेवटी टीव्ही अशी दोन अक्षरं येतात. ती तुवालूची. जगात कुणी वापरली की यांना पैसे मिळतात."

"अक्षरांचं भाडं?"

"तसंच म्हणायचं."

पुंजानं उरलेली भाकरी मोडली. "आपल्या पेठला कोणती अक्षरं आलीत?"

"आपल्याला नाही आली."

"वाटप होतं तवा आपलं कुणी गेलंच नसंल," तो हात धुवायला उठत म्हणाला. "आपलं हे असंच."

अंगणवाडीत दुसरी परीक्षा होती. मदतनीस यशोदाबाई, वय अठ्ठावन्न, माहेर सायखेडा. जगातली कोणतीही गोष्ट त्या आधी सायखेड्याशी ताडून बघतात. गोदावरी सायखेड्यात जेवढी रुंद तेवढीच खरी, बाकी ठिकाणी ती आळस करते. मुलं खिचडीची वाट बघत बसलेली असताना भागीबाई शासन हे प्रकरण पाठ करत होत्या.

"किती आमदार म्हणालीस?" यशोदाबाईंनी पातेलं ढवळत विचारलं.

"सोळा."

"आख्ख्या देशाला?"

"आठ मतदारसंघ, प्रत्येकी दोन."

"अगं, आमच्या सायखेड्यात एवढे तर माजी सरपंच निघतील! बरं, पक्ष कोणते?"

"पक्षच नाहीत तिथं."

यशोदाबाईंचा पळा पातेल्यात थांबला. "पक्ष नाहीत? मग फुटतात कशातून?"

"फुटतच नाहीत. माणूस बघून निवडून देतात आणि मग ते सोळा जण आपल्यातला पंतप्रधान ठरवतात. राजा मात्र इंग्लंडचा आहे. तो तिकडंच राहतो, इथं त्याच्या नावानं एक माणूस सह्या करतो."

"हे ठीक आहे. ऑफिसात असंच असतं."

"आणि प्रत्येक बेटावर जुन्या लोकांची सभा असते. मोठ्या मांडवात बसून सगळं ठरवतात. आमच्या पाड्याच्या ग्रामसभेसारखं."

"चहा देतात का सभेला?"

"लिहिलेलं नाही. आता ही गंमत ऐका, मावशी. तुवालू या नावाचा अर्थच आठ जण मिळून उभे राहिलेले. पण बेटं आहेत नऊ."

"नववं कुठून आलं?"

"तिथं पूर्वी कायमची वस्ती नव्हती, म्हणून नावात धरलं नाही."

यशोदाबाईंनी जीभ टाळूला लावून चक् केलं. "सर्व्हेत घर सुटलं. कोणत्या सेविकेच्या बीटमध्ये होतं ते?"

नऊ नावं पाठ होईनात, म्हणून भागीबाईंनी त्यांचं बडबडगीत केलं. सकाळी मुलांना गोल बसवून टाळ्या वाजवत, "नानुमेआ, नियुताओ, नानुमांगा, नुई," दुसरी टाळी, "वैतुपू, नुकुफेताऊ, फुनाफुती," तिसरी टाळी, "नुकुलाएलाए, नियुलाकिता!" मुलांना ते फार आवडलं. आठ दिवसांनी एक आई दारात आली. "मॅडम, राग मानू नका. आमचं पोरगं आजीला नुकुफेताऊ म्हणतंय. ही शिवी हाय का?"

"बेट आहे, ताई."

"आजी म्हणती, शिवीच हाय."

प्रकरणं चार लिहून झाली. नकाशा मात्र होईना. भागीबाईंनी पांढरा कार्डशीट आणला, पट्टी घेतली आणि प्रमाण काढलं. या टोकाच्या बेटापासून त्या टोकाच्या बेटापर्यंत सहाशे किलोमीटरच्या वर समुद्र, आणि त्यात सगळी मिळून जमीन सव्वीस चौरस किलोमीटर. कार्डशीटवर पेन्सिलीचं टोक टेकवलं तरी ते बेटापेक्षा मोठं होत होतं. नऊ ठिपके काढून त्यांनी कागद पुंजासमोर धरला.

"कसा झालाय?"

"माश्या बसल्यात त्याच्यावर," पुंजा म्हणाला आणि फुंकर मारली.

तेव्हा भागीबाईंना आपल्या कामाची रीत आठवली. सेविकांच्या प्रशिक्षणात गावाचा नकाशा कागदावर काढत नाहीत, जमिनीवर काढतात. रांगोळीनं रस्ते, खड्यांची घरं, विहिरीच्या जागी बांगडी, ज्या घरात गरोदर बाई असेल तिथं कुंकवाचा ठिपका. गावातल्या बायका भोवती उभ्या राहतात आणि चुका काढतात. असा नकाशा भागीबाई डोळे मिटूनसुद्धा काढतील. त्यांनी सोमनाथ सरांना फोन केला.

"सर, नकाशा हॉलच्या फरशीवर काढला तर चालेल का?"

पलीकडं सरांनी कागद चाळले. "नियमात 'नकाशा' एवढंच आहे. कशावर, ते नाहीये. पण भोये ताई, परीक्षक गायधनी मॅडम आहेत. त्यांना छापील उत्तर आवडत नाही आणि बिनछापील चालत नाही."

"मग काय आवडतं?"

"ते अजून कुणाला कळलेलं नाही."

तोंडी परीक्षा नोव्हेंबरातल्या एका रविवारी, अकरा वाजता. पुंजानं सकाळी आठलाच पिकअपमधून त्यांना कॉलेजच्या दारात सोडलं. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भागीबाईंनी पदर खोचला आणि दारापासून खिडकीपर्यंत तिरका तुवालू मांडला. पांढऱ्या रांगोळीची किनार, आत हिरवी रांगोळी. राजधानीच्या फुनाफुतीचं कडं काढलं, मधे पाण्याची जागा रिकामी ठेवली. कड्यावर विमानाच्या धावपट्टीसाठी सुतळीचा तुकडा. आठवड्यातून मोजकीच विमानं येतात, एरवी लोक संध्याकाळी त्या धावपट्टीवर खेळतात, हे त्यांना फार आवडलं होतं. पाण्याच्या टाक्यांना मुगाचे दाणे. आणि माणसं म्हणून चुरमुरे. एक चुरमुरा म्हणजे शंभर माणूस. असे शंभरावर चुरमुरे त्यांनी बेटाबेटांवर मोजून बसवले. निम्म्याहून जास्त लोक एकट्या फुनाफुतीवर राहतात, तिथं इतकी दाटी झाली की भागीबाईंना बेट जरा रुंद करावं लागलं.

दहा वाजता सगळं झालं. मग आठवलं, हॉल तिकिटाची झेरॉक्स राहिली. समोरच्या दुकानात रांग होती. परत यायला पाऊण तास लागला.

हॉलच्या दारात पाय ठेवला तर आत लताबाई. कॉलेजची साफसफाई त्यांच्याकडं. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात केराची सुपली. दारापासून हॉलच्या मध्यापर्यंत फरशी आरशासारखी लख्ख.

"काय केलंत हो हे!"

"झाडलं," लताबाई म्हणाल्या.

"नकाशा होता तो माझा!"

"मला काय माहीत? सगळीकडं चुरमुरे. मला वाटलं, पोरांनी वाढदिवस केला. रविवारचा वाढदिवस करायचा आणि झाडायला लता."

"अहो, तिथं माणसं राहतात!"

लताबाईंनी दचकून सुपलीत बघितलं. "कुठं?"

भागीबाई खाली बसून बेटं मोजू लागल्या. नानुमेआ, नियुताओ, नानुमांगा, नुई, वैतुपू. पाच बेटं साफ. उरली खिडकीकडची चार. घड्याळात पावणेअकरा. रांगोळीची पुडी संपलेली, आणि रविवारी सकाळी जवळपास रांगोळीचं दुकान उघडं असायची आशा नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर पॅसिफिक नव्हता, फेब्रुवारी महिना होता.

लताबाई त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या. आवाज उतरला होता. "काय कामाचं होतं का लय?"

"पास व्हायचंय हो. यंदाच व्हायचंय. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही."

"मग रडता कशाला? मी कुठं फेकलंय?" त्यांनी सुपली पुढं केली. "घ्या. सगळं यातच आहे. तुमचं तुमचं निवडून घ्या."

सुपलीत पाच बेटं एक झाली होती. हिरवी रांगोळी, पांढरी रांगोळी, मूग, चुरमुरे, एक रबरबँड, दोन पेनांची टोपणं, कुणाच्या तरी केसांचा गुंता आणि आठवड्याभराची धूळ. दोघी जणी डोकं डोक्याला लावून चुरमुरे वेचू लागल्या.

"प्रकल्प कोणाचा?"

दारात गायधनी मॅडम. सुती साडी, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, हातात गुणपत्रिकांची फाइल. मागं सोमनाथ सर, चेहरा रांगोळीइतकाच पांढरा.

"माझा, मॅडम," भागीबाई उभ्या राहिल्या.

"आणि या कोण?"

"मीच बुडवली बेटं," लताबाईंनी सांगून टाकलं. "पाच. यांची काय चूक नाय."

मॅडमनी आधी लख्ख फरशीकडं पाहिलं, मग उरलेल्या चार बेटांकडं, मग सुपलीकडं. "मी जे दिसतं त्याला गुण देते," त्या म्हणाल्या. "अकराला सुरुवात करू. अजून दहा मिनिटं आहेत." आणि खुर्ची ओढून फाइल उघडून बसल्या.

"सांगा," लताबाई कुजबुजल्या. "कुठं कुठं ओतू?"

"दारापाशी नानुमेआ. लहान करा. मग नियुताओ, थोडं अलीकडं. अहो, एवढं नको, पुढं वैतुपूला पुरलं पाहिजे."

अकराला एक मिनिट असताना तुवालू पुन्हा जागेवर होता. खिडकीकडची बेटं हिरवीगार, दाराकडची राखाडी.

मॅडम फाइल चाळत म्हणाल्या, "लोक या प्रकरणात तुमचा एक रकाना आहे. 'घरटी पाणी भरणारी व्यक्ती.' हा कोणत्या पुस्तकातून घेतला?"

"पुस्तकात नाही, मॅडम."

"मग?"

"पुस्तकात लिहिलंय की तिथं नदी नाही. विहिरीचं पाणी मचूळ. पाऊस पडला की पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवायचं आणि तेच प्यायचं. पाऊस लांबला की मोजून पाणी. इथपर्यंत पुस्तकात आहे. पण पाणी मोजून मिळतं म्हणजे ते मोजणारी कुणीतरी बाई घरात असणारच. तिचं कुठंच काही लिहिलेलं नाही. म्हणून रकाना पाडला."

"आणि रिकामा ठेवला."

"माहिती मिळाली नाही, मॅडम. अंदाजानं भरला नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "चोहीकडं पाणी आणि प्यायला नाही, हे तुम्हाला विचित्र वाटलं नाही?"

"आमच्या पेठला या. पावसाळ्यात दरीतून धबधबे पडतात, बघायला नाशिकहून गाड्या येतात. एप्रिलात त्याच दरीत आम्ही हंडा घेऊन उतरतो. तेव्हा कुणी येत नाही बघायला."

सोमनाथ सर खोकले. मॅडमनी काहीतरी लिहिलं. मग हवेत हात हलवला. "उकडतंय इथं." आणि हात लांब करून त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं.

"नको!" भागीबाई, लताबाई आणि सर तिघंही एकदम ओरडले.

पंखा फिरला होता. राखाडी बेटांवरून धुळीचा ढग उठला. पण खरी धांदल उडाली फुनाफुतीवर. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंचे चुरमुरे आधी नुसते हलले, मग घोळक्यानं निघाले आणि फरशीवरून टुणटुणत मॅडमच्या खुर्चीपाशी जाऊन थांबले. सरांनी पंखा बंद केला तोवर अर्धी राजधानी मोकळी झाली होती.

भागीबाईंनी चुरमुऱ्यांकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, मनातल्या मनात दिशा लावली.

"मॅडम, पाय जरा मागं घेता का? तुम्ही ऑस्ट्रेलियात बसलाय."

"काय?"

"नैऋत्येला ऑस्ट्रेलिया. लोक खरंच तिकडं चाललेत. दोन देशांत करार झालाय, वर्षाला दोनशेऐंशी तुवालूवाल्यांना तिथं कायमचं राहायची परवानगी. अर्ज त्याच्या कितीतरी पट आले, म्हणून चिठ्ठ्या काढून नावं ठरवतात."

मॅडमनी खरोखरच पाय मागं घेतले. मग फाइल मिटली, चष्मा काढला. "शेवटचा प्रश्न. पुस्तकातलं उत्तर नको. उद्या ही सगळी जमीन पाण्याखाली गेली आणि माणसं अशी दुसरीकडं गेली, तर देश उरला असं म्हणायचं का?"

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. लताबाईंनी झाडू छातीशी धरला.

"मॅडम, दिवाळी झाली की आमचा पाडा रिकामा होतो. घराघराला कडी. कुणी साहेब त्या वेळी आला तर म्हणेल, इथं गावच नाही. पण अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या पोरांची नावं आम्ही कमी करत नाही. समोर शेरा लिहितो, 'स्थलांतरित'. दिंडोरीत गेलं की ओझरला गेलं, तेही लिहितो. नाव आहे तोवर ते पोर त्या पाड्याचं. कमी केलं की मग खरंच कुणाचं नसतं ते." त्यांनी श्वास घेतला. "तुवालूनं दोन हजार तेवीसला आपल्या घटनेतच लिहून ठेवलं, की जमीन गेली तरी देश कायम राहील. मी ते वाचलं तेव्हा मनात म्हटलं, यांच्यात नक्की कुणीतरी सेविका असणार."

गायधनी मॅडमच्या ओठांचा एक कोपरा हलला. सरांनी नंतर शपथेवर सांगितलं, की ते हसूच होतं.

"देश उरतो, मॅडम. फक्त रजिस्टर रोज भरलं पाहिजे."

मॅडम उठल्या आणि नकाशाभोवती एक फेरी मारली. "प्रमाण चुकलंय. फुनाफुती तिप्पट मोठं काढलंय."

"माणसं मावत नव्हती."

"आणि वैतुपूवर हे निळं काय आहे?"

भागीबाईंनी वाकून पाहिलं. "पेनाचं टोपण."

"ते माझ्याकडून आलं," लताबाई म्हणाल्या.

"नकाशाचे आठ गुण कापले." मॅडमनी गुणपत्रिकेवर आकडा घातला, सही केली आणि कागद सरांकडं सरकवला. "शंभरपैकी एकसष्ट. उत्तीर्ण."

लताबाईंनी झाडू टाकून टाळी वाजवली. सरांनी हुश्श केलं. भागीबाईंनी मात्र सरांच्या हातातला कागद आपल्याकडं घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला आणि पुन्हा मॅडमपुढं ठेवला.

"मॅडम, तारीख राहिली."

"अहो भोये ताई," सर घाईनं म्हणाले, "ती मी नंतर..."

"नंतर नको, सर. तारखेशिवाय कागद पुढं सरकत नाही. डिसेंबरात माझा अर्ज जायचाय." मग जरा मवाळ आवाजात, "इथं, मॅडम. सहीच्या खाली."

मॅडमनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि तारीख घातली.

"आणि केंद्राचा शिक्का?"

सोमनाथ सर शिक्का आणायला जिन्यावरून धावत सुटले. बाहेर व्हरांड्यात श्रीलंकेची फाइल पोटाशी धरून कंडक्टर उभा होता. त्याला घाम फुटला होता. "ताई, कसं होतं? काय काय विचारतात हो?"

"सांगते. आधी फाइल दाखव," भागीबाई म्हणाल्या आणि पहिलंच पान उलटून थांबल्या. "हे काय? दोन रकाने रिकामे. बस खाली. पेन आहे का?"